विश्रामबागेतली सहा बिऱ्हाडांची जुनी इमारत: ४८ लाखांना घ्यावी का?

प्रश्न थोडक्यात असा: वय ३२, कुपवाड एमआयडीसीत नोकरी, हातात ५२ हजार पगार. पत्नी मिरजेत पॅथॉलॉजी लॅबमध्ये, पगार २४ हजार. सध्या सांगलीत ९ हजार भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात, दोघांची मिळून १८ लाखांची बचत. विश्रामबागेत आतल्या गल्लीत १९९० च्या सुमाराची तळमजला अधिक एक मजला अशी सहा बिऱ्हाडांची इमारत विक्रीला आहे. दोन बिऱ्हाडं रिकामी, तीन भाडेकरू प्रत्येकी ४ हजार देतात आणि एक जुने गृहस्थ महिना ३०० रुपये. मालक ४८ लाख मागतो. ठेकेदार म्हणतो साडेचार लाखांत टाइल्स, किचन ट्रॉली, रंग आणि पुढची बाजू चकाचक करून देतो, मग प्रत्येकी साडेसहा हजार भाडं येईल. एजंट म्हणतो हप्ता भाड्यातूनच सुटेल. घेऊ का? कर्ज कोणतं काढू? दुरुस्ती कुठून सुरू करू?

मी सिव्हिल इंजिनिअर आहे, बँकांसाठी मालमत्तेचं मूल्यांकन करून देणं हा माझा धंदा आणि मिरजेत माझी स्वतःची चार बिऱ्हाडं भाड्यानं आहेत. म्हणजे कर्जाच्या टेबलाची दोन्ही बाजूंची हवा मला माहीत आहे. आधी उत्तर सांगतो: ४८ लाखांना घेऊ नका. ३८ च्या आसपास मिळाली आणि तुम्ही दोघं स्वतः तिथं राहायला गेलात, तर घ्या.

एजंटाचं वाक्य आधी निकालात काढू. आपल्याकडे राहत्या घरांचं भाडं किमतीच्या मानानं फार कमी असतं. ते मुंबई-पुण्यात कमी आहे आणि सांगलीतही कमीच आहे. तुमचंच उदाहरण घ्या. ३०० रुपयेवाले आजोबा सोडले तर पाच बिऱ्हाडं राहतात. साडेसहा हजार हा आकडा मला फुगवलेला वाटतो, आतल्या गल्लीत साडेपाच धरू. ५ गुणिले ५,५०० म्हणजे २७,५००. वर्षातला एक महिना प्रत्येक खोली रिकामी राहते असं धरायचंच, कारण विद्यार्थी मे महिन्यात जातात आणि नवीन यायला पावसाळा उजाडतो. म्हणजे वर्षाला ३ लाख २,५००. त्यातून घरपट्टी, जिन्यातला दिवा, मोटार, टाकी धुणं, प्लंबरच्या फेऱ्या, दलाली यासाठी पाचवा हिस्सा काढा. हातात राहतात २ लाख ४२ हजार, महिन्याला जेमतेम २० हजार.

आता बँक. बँक कर्ज देताना खरेदीखतातली रक्कम आणि आमच्यासारख्यांनी काढलेली किंमत यातली जी कमी असेल ती धरते. पस्तीस वर्षांच्या इमारतीला घसारा लागतो, भाव असतो तो जागेला. तुम्ही दिलेल्या क्षेत्रफळावरून मी ४२ लाखांच्या वर जाणार नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं घरकर्ज ३० लाखांपर्यंत असेल तर किमतीच्या ९० टक्के आणि ३० ते ७५ लाखांमध्ये ८० टक्क्यांपर्यंत देता येतं. ती कमाल मर्यादा आहे, तेवढं द्यावंच असं नाही. जुन्या, भाडेकरू असलेल्या इमारतीला बँका बहुधा ७० च्या पुढे सरकत नाहीत. मुदतही इमारतीचं उरलेलं आयुष्य बघून देतात, म्हणून १५ वर्षं धरू. ४२ चे ७० टक्के म्हणजे २९ लाख ४० हजार. ९ टक्क्यांनी १५ वर्षांचा हप्ता साधारण २९,८०० रुपये. भाड्याचे २० हजार वजा केले तरी दर महिन्याला पावणेदहा हजार खिशातून जाणार, तेही सगळ्या खोल्या दुरुस्त होऊन भरल्यावर. दुरुस्ती चालू असताना सहा-सात महिने पूर्ण हप्ता तुमच्या पगारातून जाईल, हे एजंट सांगत नाही.

तुमच्या एकट्याच्या ५२ हजारांवर बँक हा हप्ता मान्यही करणार नाही. पगाराच्या निम्म्याच्या वर हप्ता गेला की फाइल अडते. पत्नीला सहकर्जदार घ्यावंच लागेल.

आणि घालायचे पैसे? ४८ मधून कर्ज वजा जाता १८ लाख ६० हजार. मुद्रांक शुल्क महापालिका हद्दीत ६ टक्के, म्हणजे २ लाख ८८ हजार. नोंदणी फी एक टक्का, पण कमाल ३० हजार. वकील, बँकेची प्रोसेसिंग, मूल्यांकन, दलाली मिळून ९० हजारांच्या घरात. त्यावर दुरुस्ती, माझ्या हिशोबानं ७ लाख ७० हजार (ठेकेदाराचे साडेचार नाहीत, ते पुढे सांगतो). अडीअडचणीला दीड लाख. एकूण ३२ लाख. तुमच्याकडे १८ आहेत. मधले १४ लाख पर्सनल लोन आणि पतसंस्थेतून उभे करायचे, असं बरेच जण करतात आणि दुसऱ्या वर्षी माझ्याकडे विक्रीचं मूल्यांकन करायला येतात.

आता दुसरा मार्ग. पहिल्या मजल्यावरची शेजारची दोन्ही रिकामी बिऱ्हाडं मधल्या भिंतीत दरवाजा काढून एक करा आणि तिथं राहायला जा. आपल्याकडे माडीवर मालक आणि खाली भाडेकरू ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या आहे, ती उगाच नाही. तुमचे ९ हजार भाड्याचे वाचतात. खाली-वर मिळून तीन बिऱ्हाडं भाड्यानं राहतात, त्यांचं वरच्याच पद्धतीनं निव्वळ १२,१०० येतं. दोन्ही मिळून २१,१००. म्हणजे पाच खोल्या भाड्यानं देऊन जे मिळत होतं, त्याहून थोडं जास्तच, आणि डोक्याला तीनच भाडेकरू. शिवाय बँकेच्या दृष्टीनं हे राहतं घर होतं. सगळीच इमारत भाड्यानं द्यायची म्हटलं की बऱ्याच बँका घरकर्जाऐवजी मालमत्ता तारण कर्जाकडे वळवतात. तिथं व्याज जास्त आणि रक्कम कमी. अर्जात खरं तेच लिहा. राहायला जाणार नसाल तर जाणार आहे म्हणू नका.

किंमत ३८ झाली तर ७० टक्क्यांनी कर्ज २६ लाख ६० हजार. त्यासोबत पहिल्याच दिवशी दुरुस्तीचं अंदाजपत्रक जोडा. इंजिनिअरच्या सहीचं असेल तर खरेदी आणि दुरुस्ती एकाच कर्जात बसवणाऱ्या बँका आहेत. दुरुस्तीचे ५ लाख धरू, ते काम होईल तसे टप्प्याटप्प्यानं मिळतात. घर घेऊन झाल्यावर दुरुस्तीसाठी वेगळं कर्ज मागायला जाल तेव्हा पगाराची क्षमता आधीच वापरलेली असते आणि मग माणूस पर्सनल लोनच्या दारात जातो. एकूण कर्ज ३१ लाख ६० हजार, हप्ता सुमारे ३२ हजार, दोघांच्या पगाराच्या ४२ टक्के. भाड्याचे १२,१०० वजा जाता तुमच्या खिशातून २० हजार. आज ९ हजार जातातच. म्हणजे महिन्याला ११ हजार जास्त. पंधरा वर्षांनी विश्रामबागेतली जागा तुमची, हा सौदा मला पटतो. स्वतःचे पैसे लागतील सुमारे १९ लाख. एक लाख कमी पडतो, तर एका बिऱ्हाडाची दुरुस्ती वर्षभर पुढे ढकला.

हप्त्याबद्दल एवढंच: बदलत्या व्याजाच्या घरकर्जावर व्यक्तीला मुदतीआधी फेडण्याचा दंड लागत नाही. बोनस आला की मुद्दलात भरा.

४८ चे ३८ कसे होणार, हा रास्त प्रश्न. तिथं ते ३०० रुपयेवाले आजोबा उपयोगी पडतात. भाडेकरूसकट इमारत घेतली की भाडेकरूही तुमचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ त्यांना संरक्षण देतो, त्यांच्या पश्चात सोबत राहणाऱ्या वारसांनाही. वर्षाला भाडं ४ टक्के वाढवायची मुभा आहे, म्हणजे ३०० चे ३१२. हसू येतं, पण कायदा तसा आहे. त्यांचं पाणी किंवा वीज तोडायचा विचारही करू नका, तो गुन्हा आहे. त्यांच्या खोलीची दुरुस्ती करून देणं हीसुद्धा मालकाची जबाबदारी. म्हणून ते बिऱ्हाड शून्य उत्पन्नाचं धरून किंमत ठरवायची आणि मालकाला ते तोंडावर सांगायचं. पुढेमागे ते किंवा त्यांचा मुलगा रक्कम घेऊन खोली सोडायला तयार झाले तर ताबा सोडल्याचा नोंदणीकृत दस्त करून घ्या. साध्या स्टॅम्पपेपरवर नको.

त्या तीन ४ हजारवाल्यांकडे मी जास्त संशयानं बघेन. त्यांचे करार नोंदवलेले आहेत का? आपल्याकडे "अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी लागत नाही" असं म्हणायची पद्धत आहे. महाराष्ट्रात ते चुकीचं आहे. भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ सांगतं की करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो, आणि ती जबाबदारी मालकाची. करार नोंदवलेला नसेल तर भाडेकरू ज्या अटी सांगेल त्या दुसरं सिद्ध होईपर्यंत खऱ्या धरल्या जातात. म्हणजे उद्या तिघांपैकी एक जण म्हणाला की मी कायमचा भाडेकरू आहे आणि भाडं दोन हजार ठरलंय, तर सिद्ध करत बसायचं तुम्ही. खरेदीआधी विकणाऱ्यालाच सांगा: एकतर खोल्या मोकळ्या करून द्या, नाहीतर त्यांच्याशी लिव्ह अँड लायसन्स नोंदवून मग दस्त करा. नोंदवलेला करार असेल तर मुदत संपल्यावर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी दुप्पट दरानं भरपाई मागता येते. आणखी एक फायदा कुणाच्या ध्यानात येत नाही: बँक भाड्याचं उत्पन्न धरते ते फक्त नोंदवलेल्या कराराचं, वहीतलं नाही. खर्चही किरकोळ आहे, एकूण भाड्यावर पाव टक्का मुद्रांक आणि शहरी भागात १,००० रुपये नोंदणी. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देणं वेगळं, ते केलं म्हणजे करार झाला असं होत नाही.

मालक किमतीतले काही लाख रोखीनं मागेल. "कागदावर ३२ दाखवू, वरचे वेगळे." सरळ नाही म्हणा. नीतिमत्ता बाजूला ठेवली तरी यात तोटा तुमचा. कर्ज कागदावरच्या रकमेवर मिळतं, त्यामुळे वरचे सगळे तुमच्या १८ लाखांतून जातील. शिवाय रेडी रेकनरच्या (सरकारनं ठरवलेल्या दराच्या) किमतीपेक्षा दस्त १० टक्क्यांहून जास्त कमी दाखवला तर तो फरक तुमच्या उत्पन्नात धरला जातो. मुद्रांक तर दोन्हींतल्या जास्त रकमेवरच लागतो. मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं मुळात कायद्यात बसत नाही.

पत्नीच्या एकटीच्या नावे घेतलं तर राहत्या घरावर मुद्रांकात एक टक्का सवलत आहे, ३८ लाखांवर ३८ हजार. आधी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात मसुदा दाखवून सवलत बसते का ते विचारून घ्या. पण पैसे तुमचे आणि नाव त्यांचं असेल तर भाडं आयकरात तुमच्याच उत्पन्नात मोजलं जातं, हे लक्षात ठेवा. तुमच्या बाबतीत दोघांच्या नावे घेणं मला बरं वाटतं.

कागदपत्रं वकिलाकडून तपासून घ्याच, मालकीच्या नोंदींचा तीस वर्षांचा शोध अहवाल बँकही मागते. माझ्या अनुभवात सांगलीत गाडी अडते ती तीन ठिकाणी. पहिलं, वारस. १९९० चं घर म्हणजे बांधणारे बहुधा हयात नसतात. प्रॉपर्टी कार्डावर मुलांची नावं लागलेली असतात आणि लग्न होऊन गेलेल्या मुलींची राहून जातात. दस्तावर बहिणींच्या सह्या नसतील तर पुढे चला म्हणणाऱ्या वकिलाला बदला. दुसरं, बांधकाम परवाना. सांगली-मिरज-कुपवाड महापालिका १९९८ ची, तुमची इमारत त्याआधीची. मंजूर नकाशा जुन्या नगरपालिकेच्या दप्तरातून काढावा लागेल. वरचा मजला नकाशात नसेल तर बँक त्याची किंमत शून्य धरते. तिसरं, गुंठेवारी. शहराच्या बऱ्याच भागात प्लॉट तुकड्यानं विकलेले आहेत. २००१ च्या कायद्यानं ते नियमित करता येतात, २०२१ च्या दुरुस्तीनंतर ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात येतात. प्रमाणपत्र नसेल तर बहुतेक बँका हातच लावत नाहीत. "होऊन जाईल" यावर पैसे देऊ नका. मालकाला करून घ्यायला सांगा.

पुराचंही बघायचंच. विश्रामबाग तुलनेनं उंचावर आहे. गावभाग, कर्नाळ रोड, सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट इथल्यासारखी परिस्थिती तिथं नाही. तरी नाल्याकाठची गल्ली असेल तर पावसाचं पाणी तुंबतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ आहे. "तेव्हा पाणी कुठवर आलं होतं?" हे मालकाला विचारू नका, समोरच्या किराणा दुकानदाराला विचारा. निळी आणि लाल पूररेषा विकास आराखड्याच्या नकाशावर महापालिकेत बघायला मिळते. निळ्या रेषेच्या आत जागा असेल तर उद्या पाडून नवीन बांधणं फार अवघड, ते गृहीत धरू नका.

आता दुरुस्ती, इथं मी थोडा रेंगाळणार आहे.

तुमच्या ठेकेदाराच्या यादीत जे आहे ते सगळं डोळ्यांना दिसणारं आहे. टाइल्स, ट्रॉली, रंग, एलिव्हेशन. छत नाही, ड्रेनेज नाही, वायरिंग नाही. ओल्या भिंतीवर पुट्टी आणि रंग म्हणजे पहिल्या पावसाळ्यात पापुद्रे. भाडेकरू खोली बघताना रंग बघतो, पण सोडून जातो तो गळतीमुळे आणि तुंबलेल्या मोरीमुळे.

पुढच्या वेळी जाल तेव्हा एक छोटी हातोडी खिशात ठेवा. तिच्या लाकडी दांड्यानं भिंत आणि वर छत हलकं ठोकत चला. भरीव ठिकाणी टक्क असा कोरडा आवाज येतो, सुटलेल्या प्लास्टरवर बद्द येतो. जिथं बद्द वाजेल तिथं खडूनं गोल करा. अर्ध्या तासात इमारतीचं दुखणं भिंतीवर काढलेलं दिसतं. बाथरूमच्या मागच्या भिंती, खिडकीखालचा भाग आणि वरच्या मजल्याच्या छताचे कोपरे यांना जास्त वेळ द्या. छताच्या खालच्या बाजूला एका सरळ रेषेत तडा आणि त्याच्या कडेला तांबूस डाग दिसला तर आत सळई गंजून फुगली आहे. गंजलेली सळई जागा मागते आणि खालचं काँक्रीट ढकलते. त्यावर नुसतं प्लास्टर मारून चालत नाही. सुटलेलं काँक्रीट काढायचं, सळई तारेच्या ब्रशनं चकचकीत घासायची, गंजरोधक लावायचं, मग पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरनं भरायचं. असं एक-दोन ठिकाणी असेल तर ठीक. प्रत्येक खोलीत असेल तर ही इमारत पाडायच्या भावानं घ्यायची, म्हणजे फक्त जागेची किंमत.

खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी जाणारी भेग वेगळी. सांगलीत खाली काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि पाया हलतो. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं रेघ मारून तारीख लिहा. व्यवहार ठरायला दोन-तीन महिने जातातच, तेवढ्यात भेग रेघेच्या पुढे गेली का ते कळतं. हालचाल थांबलेली असेल तर भरून घेता येते. चालू असेल तर आधी पावसाचं आणि नळाचं पाणी पायापासून दूर कसं जाईल ते बघायचं. भेग बुजवणं नंतर.

दोन बिऱ्हाडं एक करताना मधली भिंत. १९९० ची इमारत कॉलमवर उभी आहे की भिंतींवर, हे आधी बघा. ९ इंची भिंत असेल आणि वर खाली तीच सरळ जात असेल तर ती भार घेते. तिच्यात लिंटेल (दारावरची आडवी तुळई) टाकून दरवाजा करता येतो, भिंत काढून हॉल मोठा करता येत नाही. गवंडी "काय होत नाही साहेब" म्हणेल. ऐकू नका. भाराच्या भिंतीला हात लावायला परवानगी लागते. फरशी, प्लास्टर, रंग, वायरिंग यासारख्या आतल्या दुरुस्तीला लागत नाही.

कामाचा क्रम वरून खाली आणि आतून बाहेर. सगळ्यात आधी गच्ची. जुना कोबा ठिकठिकाणी पोकळ वाजत असेल तर काढून टाका, त्यावर नवा थर देऊ नका, भार वाढतो आणि पाणी मध्ये अडकतं. ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांचा) कोबा, पन्हाळीकडे नीट उतार, कठड्याच्या कडेला गोल वाटा, म्हणजे कोपरा गोलसर भरलेला. झाल्यावर मातीचे आळे करून पाणी तुंबवा, निदान आठवडाभर. सांगलीच्या एप्रिलच्या उन्हात पाणी न मारलेला कोबा म्हणजे पैसे उन्हात वाळत घातले. हे काम मार्च ते मे. जूनमध्ये ठेकेदार मोकळा असतो, पण तेव्हा गच्ची उघडायची नाही.

मग बाथरूम. जुनी फरशी काढली की खाली बिडाचे पाइप आणि सांध्यातला सडलेला ताग दिसेल. ते सगळं काढा. वॉटरप्रूफिंग झाल्यावर टाइल्स लावायच्या आधी बाथरूममध्ये चार इंच पाणी भरा आणि पूर्ण दोन दिवस ठेवा. खालच्या खोलीतून छत बघा. ओलावा दिसला तर तिथल्या तिथं परत करून घ्या. ही चाचणी ठेकेदाराला आवडत नाही, कारण दोन दिवस मिस्त्री बसून राहतो. करारात ती आधीच लिहा.

बाहेरचे चेंबर उघडून बघा. वरच्या मजल्यावर बादलीभर पाणी ओतलं तर खाली चेंबरमध्ये लगेच यायला हवं. रेंगाळलं तर पाइप चोंदलाय किंवा खचलाय. वायरिंगला मी तडजोड करत नाही. १९९० मध्ये एका बिऱ्हाडात दोन ट्यूब आणि एक पंखा होता, आज गिझर, इंडक्शन, मिक्सर आहे. प्रत्येक बिऱ्हाडाला वेगळं आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच), गिझरला वेगळी ४ चौरस मिमीची वायर, आणि इमारतीला नवीन अर्थिंग. महावितरणचा मीटरही प्रत्येकाला वेगळा. सगळ्यांचा वापर एका मीटरवर असेल तर युनिटं वरच्या टप्प्यात जातात, बिल फुगतं आणि दर महिन्याला वाटणीवरून भांडण. मीटरांची जुनी थकबाकी दस्ताआधी भरून घ्या, ती नव्या मालकाच्या मागे लागू शकते. पाण्याचंही तसंच. प्रत्येकाला ५०० लिटरची स्वतंत्र टाकी दिली की "खालच्यांनी पाणी संपवलं" हा विषय मिटतो.

माझा ढोबळ अंदाज असा: गच्ची सव्वा लाख, पाच बाथरूम अडीच लाख, ड्रेनेज आणि टाक्या पाऊण लाख, वायरिंग सव्वा लाख, प्लास्टर-दारं-रंग सव्वा लाख. सात लाख झाले, त्यावर १० टक्के न दिसणाऱ्या गोष्टींसाठी. फरशी उकरल्यावर काय निघेल ते कुणीच सांगू शकत नाही. किचन ट्रॉली आणि एलिव्हेशन यात नाही, आणि साडेपाच हजारांच्या खोलीला त्याची गरजही नाही. ओटा कडाप्प्याचा चांगला, सिंकखाली टपकत नाही, एवढं पुरे.

ठेका देताना सगळं मटेरियलसह एकाच रकमेत देऊ नका. गच्ची आणि बाथरूमचं मटेरियल स्वतः आणा, मजुरी चौरस फुटावर ठरवा. वायरिंग पॉइंटवर. पैसे कामाच्या टप्प्यावर, आगाऊ फार तर पहिल्या आठवड्याच्या मजुरीइतके. शेवटचे १० टक्के पावसाळा उलटल्यावर द्यायचे, हे कागदावर. नेहमीच्या ओळखीचा ठेकेदार याला तयार होतो, नवखा कुरकुरतो. कुरकुरू द्या.

भाडेकरू कोण ठेवायचे हे तुमच्या मनावर. वालचंद कॉलेज जवळ आहे म्हणून विद्यार्थी लगेच मिळतील, भाडंही थोडं जास्त देतील, पण खोल्या उन्हाळ्यात रिकाम्या आणि भिंती खराब. मिरजेतल्या हॉस्पिटलमधल्या नर्सेस, टेक्निशियन, किंवा एमआयडीसीतली लहान कुटुंबं वर्षानुवर्षं राहतात. तुम्ही वर राहणार, तर मी कुटुंबं घेईन.

आयकराचं सीएला विचारा. भाड्याने दिलेल्या भागाच्या भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा होते, उरलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते आणि त्या भागाचं व्याजही वजा होतं. नवीन करप्रणालीत घराचा तोटा पगारातून वजा करता येत नाही, म्हणून जुनी की नवी हे या घरासह मांडून बघा.

आता लगेच काय करायचं ते. मालकाला ३५ म्हणा आणि ४० ला थांबा. ४० च्या वर गेला तर दुसरी इमारत बघा, विश्रामबागेत आणि मिरजेत अशा वारसाहक्काच्या इमारती सतत विक्रीला येत असतात. ठरलं तर विसार ५० हजारांच्या वर नको, तोही चेकनं. विसार पावतीवर तीन गोष्टी लिहून घ्या: शोध अहवालात दोष निघाला किंवा बँकेनं कर्ज नाकारलं तर विसार १५ दिवसांत परत, सर्व वारसांनी दस्ताला हजर राहायचं, आणि ४ हजारवाल्या तिघांचा नोंदणीकृत करार किंवा रिकामा ताबा दस्ताच्या दिवशी. मालकानं तिसरी अट खोडायला सांगितली तर व्यवहार तिथंच थांबवा.